स्वतःची रायफल घडवण्याआधी

वाराणसीच्या पोस्टिंगमध्ये रविवार मोकळा मिळाला की गंगा ओलांडून रामनगरला जायचं, असं ठरूनच गेलंय. राजा बलवंत सिंह यांनी अठराव्या शतकात चुनारच्या दगडात बांधलेला किल्ला, आतलं सरस्वती भवन संग्रहालय आणि बाहेर मलई घातलेली लस्सी. बरोबरची मंडळी जुन्या मोटारी आणि पालख्या बघतात. मी शस्त्रांच्या दालनात रेंगाळतो. तिथल्या जुन्या बंदुका कारागिरांनी एकेक करून हाताने घडवलेल्या. त्या बघताना कुणालाही वाटेल, आपणही एक घडवावी.

हे वाटणं किती खरं असू शकतं ते नुकतंच एका फोनवरून कळलं. कोल्हापूर जिल्ह्यातले एक निवृत्त सुभेदार साहेब. "सर, पोरगा म्हणतोय पॉइंट टू-टू स्वतः बनवतो. आयटीआय झालाय, लेथ घरचीच आहे. कुसळेचं पदक बघितल्यापासून डोक्यात तेच. काय सांगू?" पोरगा वीस वर्षांचा, भरतीचीही तयारी करतोय. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण असे हुशार हात गावोगावी आहेत.

पहिला विचार कायद्याचा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना घरात असला तरी तो बनवण्यासाठी चालत नाही. 'शस्त्र' या शब्दात बंदुकीचे भागही येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षं आहे, कमाल जन्मठेप. हौस होती, विकणार नव्हतो, हे म्हणून कुणी सुटत नाही. साहेबांना म्हटलं, पोराची भरती, पासपोर्ट, नोकरी, सगळं त्या एका नळीवर लागलंय.

दुसरा विचार दाबाचा. पॉइंट टू-टूची गोळी लहान म्हणून लोक तिला खेळणं समजतात. पण तिच्या काडतुसातला कमाल दाब चौरस इंचाला २४,००० पौंडांच्या घरात जातो, आणि तो फुटतो नेमबाजाच्या गालापासून काही इंचांवर. कारखान्यात नळीचं पोलाद निवडलेलं असतं आणि जास्त दाबाचं काडतूस उडवून प्रत्येक हत्यार तपासलेलं असतं. लेथवर माप अचूक येईल, पण पोलादाच्या पोटातली चीर डोळ्यांना दिसत नाही.

तिसरा विचार जास्त महत्त्वाचा. नेमबाजाची रायफल खरी 'घडते' ती नळीत नाही, बसवण्यात. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून प्रत्येकी २० गोळ्या. दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर, रायफलचं वजन ८ किलोपर्यंत. इथे बटची लांबी, चीकपीसची उंची, वजनाचा तोल हे सगळं त्या एका शरीरासाठी जुळवावं लागतं. चाचणी सोपी आहे. डोळे मिटून पोझिशन घ्या, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट आपोआप टार्गेटवर असेल तर रायफल तुमची. मान वाकवावी लागत असेल तर ती अजून दुकानाचीच. मग काडतुसं. एकाच कंपनीच्या दोन लॉटचे ग्रुप वेगळे पडतात, म्हणून चांगले नेमबाज लॉट तपासून पेट्या घेतात.

आणि या सगळ्याच्या आधी नेमबाज. खडकवासल्याला आम्हाला पहिल्यांदा शिकवलं ते ग्रुपिंग, झिरोइंग नंतर. पाच गोळ्या एका जागी पडत नाहीत तोवर साइट फिरवण्यात अर्थ नाही.

म्हणून वाट अशी: आधी जवळचा मान्यताप्राप्त रायफल क्लब. सुरुवात १० मीटर एअर रायफलवर. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असेल तर तिला शस्त्र परवाना लागत नाही. वर्षभर ग्रुप बांधा. मग क्लबच्या पॉइंट टू-टूवर हात बसवा. स्वतःची घ्यायची वेळ आली की परवाना, अधिकृत विक्रेता, आणि तोवर आपली मापं आपल्याला ठाऊक. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या, स्वप्नील कुसळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं. दोघं कोल्हापूरचेच. पोराला दूर बघायची गरजच नाही.

साहेब थोडे गप्प राहिले. मग म्हणाले, "पण सर, त्याचे हात स्वस्थ बसणार नाहीत."

म्हटलं, बसवू नका. टार्गेट पुढेमागे नेणारी ट्रॉली आणि रायफल ठेवायचे स्टँड क्लबांना नेहमीच कमी पडतात. लेथ घरचीच आहे.