सवारीच्या सोमवारी ऑझी

ऑझी ऑस्बर्न गेल्याचं मला भाच्याच्या स्टेटसवरून कळलं. तारीख 22 जुलै 2025. 1982 साली स्टेजवर वटवाघळाचं डोकं चावलेला गायक, एवढीच त्याची ओळख माझ्यापाशी होती आणि तेवढी मला पुरत होती. पुढच्या सोमवारी भाचा इंदूरहून महाकालाची सवारी बघायला आमच्याकडे आला. (आम्हा मराठी लोकांचा श्रावण तेव्हा नुकता लागला होता, इथल्यांचा अर्धा उलटला होता. उज्जैनची सवारी दोघांचेही श्रावण सांभाळते, ही शिंदेशाहीची कृपा.) सवारी निघते चारला. फ्रीगंजातल्या आमच्या घरी दुपारची जेवणं उरकली आणि त्याने माझ्या ॲम्प्लिफायरला फोन जोडला.

“मामा, हा ऐका. यात त्याने दुसऱ्यांची गाणी गायली आहेत. तुम्हाला झेपेल.”

दुसऱ्यांची गाणी म्हटल्यावर मला ऐंशी-नव्वदच्या स्वस्त कॅसेटी आठवल्या. कव्हरवर रफी-किशोरच्या गाण्यांची नावं ठळक, आणि गाणाऱ्याचं नाव भिंग लावून वाचावं लागे. ही जात वेगळी निघाली. अल्बमचं नाव ‘अंडर कव्हर’, साल 2005, ऑझी तेव्हा छप्पन्न वर्षांचा. ब्लॅक सॅबथमधून हेवी मेटलचा पाया घालून झालेला, पैसा आणि बदनामी दोन्ही भरपूर मिळवून झालेली. अशा माणसाला उसनी गाणी गायची गरज नव्हती. त्याने गायली ती आपल्या पोरवयात रेडिओवर आणि तबकड्यांवर ऐकलेली: बीटल्स, क्रीम, रोलिंग स्टोन्स, किंग क्रिमसन. गिटारवर ॲलिस इन चेन्सचा जेरी कँट्रेल आहे, हे भाच्याने असं सांगितलं की मला मान डोलवावीच लागली.

खरं सांगायचं तर अर्धा अल्बम माझ्या अंगावरून गेला. बीटल्सचं गाणं तो देवासमोर उभा राहिल्यासारखा गातो, कुठे धक्का लागू नये म्हणून जपत. स्टोन्सचं सैतानाच्या तोंडचं गाणं ऑझीने घ्यावं हे इतकं अपेक्षित आहे की त्यात गंमत उरत नाही. मी पेपर उघडण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात जॉन लेननचं ‘वर्किंग क्लास हिरो’ लागलं.

भाच्याने लगेच लेननचं मूळ 1970चं गाणंही लावलं. तिथे एक गिटार, एक आवाज आणि बोलण्यातली कडवट धार. ऑझीपाशी ती धार नाही, त्याचा आवाज नाकातून येतो आणि कण्हतो. पण तो बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातल्या कामगारवस्तीतला. वडील हत्यारं घडवणारे कारागीर, आई कारखान्यात, आणि हा स्वतः काही काळ कत्तलखान्यात राबलेला. लेनन जे रागाने सांगतो ते ऑझी सोसलेल्या माणसासारखं सांगतो. बिनोद मिलच्या भोंग्यावर ज्या घरांची घड्याळं चालत, त्यांतलं एक आमचं. वडील तिथे कारकून होते. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली, तोवर ते निवृत्त झाले होते, पण त्यांच्या हाताखालची माणसं नंतर कितीतरी वर्षं ओट्यावर येऊन बसायची. इंग्रजी शब्द मला निम्मेच कळले, तरी आवाजातलं ते बसणं मी ओळखलं.

“मामा, कसं वाटलं?”

“थांब, आता माझं ऐक,” म्हणून मी कुमारजींचं ‘मला उमजलेले बालगंधर्व’ लावलं.

कुमार गंधर्वांचं देवास आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवर. मूळचे ते बेळगावकडचे. लहानपणी तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करायचे आणि त्यावरच 1935 साली अलाहाबादच्या संगीत परिषदेत त्यांनी भल्याभल्यांना थक्क केलं. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकले. 1948 साली क्षयाने त्यांना माळव्याच्या कोरड्या हवेत आणून टाकलं. काही वर्षं गाणं बंद. औषधांनी जीव वाचला, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. नक्कल करून नाव मिळवलेल्या माणसाने मोठेपणी पुन्हा दुसऱ्याची पदं हाती घ्यावीत, आणि तीही बालगंधर्वांची, याला छाती लागते.

आमच्या आजोबांना ते मुळीच रुचलं नव्हतं. त्यांनी पुण्याला नारायणरावांची, म्हणजे बालगंधर्वांची, रुक्मिणी पाहिली होती. ‘स्वयंवर’ नाटकाची पदं म्हणजे भास्करबुवा बखल्यांच्या चाली आणि नारायणरावांचा गळा, तिथे तिसऱ्याचं काय काम, असं त्यांचं म्हणणं. कुमारजींचं पद लागलं की ते उठून आत जात.

मला मात्र ते पहिल्यापासून पटलं. बालगंधर्वांचा स्वर सलग आणि तलम. शब्द कुठे संपला, तान कुठे सुरू झाली, शिवण दिसत नाही. कुमारजींचा श्वास तेवढा नव्हताच. ते छोट्या फेकीत गातात, मध्येच स्वर उंच टाकतात, मध्येच नुसती जागा सोडतात. नाटकातल्या नायिकेचा लाडिकपणा त्यांनी गाळला आणि नारायणरावांचं लयीवर रेलणं, शब्दाला स्वराने वजन देणं तेवढं ठेवलं. बालगंधर्वांना गवई म्हणून कसं ऐकावं हे मला त्यातून कळलं. तोवर मी त्यांना आजोबांच्या डोळ्यांतल्या पाण्यातूनच ऐकत होतो.

भाचा दोन पदं चुपचाप ऐकत राहिला. मग म्हणाला, “मामा, हे तर ऑझीपेक्षा जास्त धाडसी आहे.” हार्ड रॉकवाल्या पोराकडून ही कबुली आली, म्हणून मी ती जपून ठेवली आहे. माझंही मत तेच. ऑझीने आपल्या देवांना नमस्कार केला, आणि लेननच्या त्या एका गाण्यात तेवढी स्वतःची बाजू मांडली. कुमारजी प्रत्येक पदात बालगंधर्वांशी बोलतात, वाद घालतात.

एवढ्यात चार वाजत आले आणि पालखीसाठी आम्ही गर्दीत शिरलो. त्या दिवसानंतर ऑझीचं ते एक गाणं माझ्या फोनमध्ये आहे, बाकीची मी ठेवली नाहीत. तुम्हाला कुमारजींचा तो संच ऐकायचा असेल तर आधी बालगंधर्वांच्या जुन्या, तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या ऐका आणि मगच इकडे या. क्रम उलटा केलात तर दोघांवरही अन्याय होईल.