दृष्टीआडचे अंतर

मॅरेथॉन, म्हणजे 42.195 किलोमीटरांची धाव, ही धावणाऱ्याच्या एकट्याच्या निश्चयाची कसोटी मानली जाते. परंतु ज्यांचे माणूस त्या धावेत उतरलेले असते, त्यांच्या बाजूने पाहिले तर ती मुख्यतः न दिसण्याची घटना ठरते. 2004 साली सुरू झालेल्या आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी पहाटेच्या अंधारात निघालेला हौशी धावपटू पाच-सहा तासांनी परततो, आणि तेवढ्या काळात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या आईला, पत्नीला किंवा भावाला तो फार तर एकदोनदा, तोही ओझरता, दिसतो. उरलेले सारे अंतर तो इतरांच्या हवाली असतो, आणि घरच्यांच्या मनात पुढे दाटणाऱ्या कृतज्ञतेचे मूळ या हवाली असण्यातच शोधावे लागते.

कुटुंबाचा स्वतःचा वाटा त्या सकाळपर्यंत बहुतांशी देऊन झालेला असतो. आधीच्या चार-पाच महिन्यांत दर रविवारी लांब पल्ल्याचा सराव असतो, त्यामुळे शनिवारचे जेवण लवकर उरकावे लागते, लग्नकार्ये टाळावी लागतात आणि सुट्टीच्या सकाळची बाजारहाट, मुले व पाहुणे कुणाला तरी एकट्याने सांभाळावे लागतात. धावणाऱ्याची शिस्त म्हणून ज्याचे कौतुक होते, त्यातला बराच भाग दुसऱ्याने निमूटपणे उपसलेल्या कामाचा असतो, हे पदकासह काढलेल्या छायाचित्रांत कुठेच उमटत नाही.

मित्रांची गरज सर्वाधिक भासते ती साधारण तिसाव्या किलोमीटरनंतर. स्नायूंत आणि यकृतात साठलेली शर्करा, जिला शरीरशास्त्रात ग्लायकोजेन म्हणतात, ती तोवर संपत येते, शरीराला चरबीवर अधिक विसंबावे लागते आणि वेग एकाएकी ढासळतो. धावपटू या अवस्थेला ‘भिंत’ म्हणतात. मुंबईच्या रूढ मार्गात याच सुमारास, उन्हाचा चटका आणि दमटपणा वाढत असताना, परतीचा पेडर रोडचा चढ येतो. अशा वेळी स्वतःच्या अपेक्षित वेळेवर पाणी सोडून मित्राच्या पावलाला पाऊल जुळवत जाणारा सोबती भिंत पाडू शकत नाही, कारण शर्करा त्याच्या हाती नसते. पण श्रम किती वाटतात यात त्याच्या सोबतीने फरक पडू शकतो. ब्लँचफील्ड, मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात, सायकल चालवणाऱ्यांना नकळत, क्षणार्धापुरते हसरे चेहरे दाखवले असता ते खिन्न चेहरे दाखवले तेव्हापेक्षा अधिक काळ टिकून राहिले. मैत्रीचे मोल अशा प्रयोगाने सिद्ध व्हावे असे नाही, पण रस्त्याकडेच्या ओळखीच्या चेहऱ्याला केवळ भावुकपणा म्हणून झटकणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

जिथे कुटुंबाची नजर आणि मित्राची सोबत दोन्ही पोहोचत नाहीत, तिथे श्रद्धा सुरू होते. धावपटूच्या छातीवरील क्रमांकपट्टीला जोडलेली चिप ठरावीक टप्प्यांवर वेळ नोंदवते आणि ती घरच्यांच्या मोबाइलवर उमटते. एखाद्या टप्प्याची नोंद उशिरा आली की त्या मधल्या मिनिटांत एरवी देवाचे नाव न घेणारेही ते घेतात. परतीच्या मार्गालगत माहीमचे सेंट मायकल चर्च, प्रभादेवीचा सिद्धिविनायक आणि हाजी अलीचा दर्गा अशी तिन्ही स्थाने आहेत. नवस, म्हणजे फळ मिळाल्यास अमुक अर्पण करीन असा करार, हा त्या प्रार्थनेचा एक प्रकार झाला. पण त्यात घासाघीस असते, आणि माणूस सुखरूप परतल्यावर जे मनात उरते ते घासाघिशीच्या पलीकडचे असते. मॅरेथॉनला वारीची उपमा हौसेने दिली जाते. ती फारशी टिकत नाही, कारण वारीत आप्तही दिंडीतून सोबत चालू शकतात, तर इथे ते मागे उरतात.

या कृतज्ञतेला वैदिक परंपरेतली ऋणाची कल्पना अधिक जवळची आहे. देव, ऋषी आणि पितर या तीन ऋणांखेरीज शतपथ ब्राह्मण चौथे मनुष्यऋणही सांगते, आणि लोकांना आसरा व अन्न देणे हा ते फेडण्याचा मार्ग मानते. संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ, पाणी घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्या मुंबईकरांचे देणे त्याच जातीचे आहे: धावणाऱ्याला आभार मानायला थांबता येत नाही, आणि त्याच्या घरच्यांना तर तो देणारा हात कधी दिसलेलाच नसतो. त्यामुळे ऋणको ठाऊक असतो, धनको नसतो, आणि फेड भलत्याच्याच पदरात पडते. आपले माणूस पुढे निघून गेले तरी कित्येक कुटुंबे कठड्याशी तशीच थांबतात आणि मागून रखडत येणाऱ्यांच्या पट्टीवरचे नाव वाचून, जन्माची ओळख असल्यासारखी, त्यांना नावानिशी हाका मारत राहतात.