चौकात कोण आहे?

वारली चित्र म्हटलं की आपल्याला तारपा आठवतो. मधे वादक, भोवती नाचणाऱ्यांची साखळी. कपावर, कुर्त्यावर, पुलाखालच्या भिंतीवर. पण लग्नघरात गेरूने सारवलेल्या कुडावर सवाशिणी तांदळाच्या पिठाने जे काढत, त्याच्या मधे असायची पालघट देवी, चौकात. नाच, झाडं, जनावरं सगळी चौकाबाहेर. धवलेरी गाण्यांतून देवांना बोलवायची. चौक पुरा झाल्याशिवाय लग्न लागत नसे.

सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींमार्फत डहाणूकडच्या पाड्यांवर कागद-रंग पोचले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) लग्न नसतानाही चित्रं काढू लागले आणि १९८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनापर्यंत गेले. हे फार मोठं काम आहे. पण बाजाराने त्यातला फक्त नाच उचलला.

मी अकोले तालुक्यात, राजूर-भंडारदऱ्याकडे सुट्टीत भिंती रंगवतो. इथले आदिवासी म्हणजे महादेव कोळी आणि ठाकर. ऑर्डर मात्र वारलीचीच. चौक काढू का, विचारलं तर एक होमस्टेवाला म्हणाला, "देवी नको रे, गेस्टना डान्स आवडतो." एका शाळेत चौथीतल्या ठाकर मुलाने विचारलं, "दादा, ही आपली माणसं का?"

"नाही, डहाणूकडची."

"मग आपली कुठंयत?"

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या पापुन्या वस्तीतही शाळेचीच भिंत होती. १९७१ साली शिक्षक जेफ्री बार्डन यांनी सुचवलं आणि तिथल्या जाणत्या पुरुषांनी तिच्यावर मधमुंगीची पूर्वजकथा रंगवली, कारण ती जागाच त्या पूर्वजाची. आधी काढलेली मुंगी गोऱ्यांच्या पुस्तकातल्यासारखी वाटली, म्हणून बदलली. पुढे त्या भिंतीवर सरकारी रंग फासला गेला, ते वेगळं. पण १९७२ मध्ये चित्रकारांनी स्वतःची कंपनी काढली, आणि विधीतल्या गुप्त खुणा परक्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून विक्रीच्या चित्रांतून गाळल्या, ठिपक्यांखाली झाकल्या. काय दाखवायचं, काय नाही, हे त्यांनी ठरवलं.

मला एवढंच खटकतं. पालघट विकायची नाही, असं एखाद्या वारली चित्रकाराने म्हटलं तर तो त्याचा हक्क. होमस्टेवाल्याचा नाही. आणि खरं तर माझाही नाही, मी वारली थोडाच आहे!

त्या शाळेची अर्धी भिंत मी कोरी ठेवली. सरांना म्हटलं, पोरांच्या आज्यांना बोलवा, त्यांच्याकडे काय गोष्टी आहेत ते विचारू.

सर म्हणाले, "बोलवू. पण तपासणी सोमवारी आहे."