शंकेला सूट नसते

जुन्या महागड्या घड्याळाचा सौदा म्हटला की जिभेचा खेळ डोळ्यांसमोर येतो. विकणाऱ्याने चार लाख म्हणायचे, आपण अडीच म्हणायचे, मग उठून दाराकडे निघायचं आणि मागून हाक येते का याची वाट बघायची. भाजीच्या गाडीवर ही रीत चालते, कारण मेथीची जुडी ताजी आहे की शिळी हे दोघांनाही दिसत असतं. घड्याळाच्या पोटात काय आहे ते मात्र घेणाऱ्याला दिसत नाही आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही धड ठाऊक नसतं. म्हणून या व्यवहारात माझं मत असं बनलं आहे की इथे भाव जिभेने उतरत नाही, भिंगाने उतरतो. जेवढी रक्कम कमी करून मागायची, तेवढ्याला पुरेल असा दोष घड्याळावर बोट ठेवून दाखवता आला पाहिजे.

ओमेगा स्पीडमास्टरचंच बघा. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या बझ ऑल्ड्रिनच्या मनगटावर हेच किल्लीचं घड्याळ होतं, त्यामुळे त्या काळातल्या नगांना आजही मोठी मागणी आहे. साधारण १९७० पूर्वीच्या नगांत काचेभोवतीच्या काळ्या कड्यावर, म्हणजे बेझलवर, ९० या आकड्याशेजारचा ठिपका शून्याच्या डोक्यावर चढलेला असतो. पुढच्या नगांत तो खाली, बाजूला सरकतो. ठिपका राईएवढाही नाही, पण तसं अस्सल कडं सुटं घ्यायला गेलं तरी लाखाच्या वर जातं. आता विकणारा अभिमानाने सांगतो, ‘आत्ताच कंपनीकडून सर्व्हिस करून आणलंय, सगळं नवं आहे.’ वापरायच्या घड्याळाला हे भूषण आहे. पण जुन्या स्पीडमास्टरमध्ये त्या सर्व्हिसमध्ये कडं, काटे आणि डायल बदलले गेले असतील, तर भाव वाढायचं सोडून घसरतो, कारण घेणारा पैसे मोजत असतो ते जुनेपणासाठीच. अंधारात चमकण्यासाठी त्या काळात डायलवर ट्रिटियम लावत. त्याचं तेज दर बारा-सव्वाबारा वर्षांनी निम्मं होतं. म्हणजे १९६८ चं घड्याळ आज रात्रभर लखलखत असेल, तर तो रंग नंतरचा. डायलवरचे ठिपके सायीसारखे पिवळसर आणि काटे पांढरेफटक असतील, तर बहुधा काटे बदललेले. पॉलिश करकरून केसच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील, तर गेलेला धातू परत येत नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीला किंमत आहे आणि ती शांतपणे मागता येते.

यावर कोणी म्हणेल, भाव तर इंटरनेटवर दिसतोच, मग घासाघीस कशाची? तिथे बहुतेक दिसतो तो मागितलेला भाव, मिळालेला नव्हे. महागड्या घड्याळांचा जुना बाजार २०२२ च्या सुरुवातीला शिखरावर होता आणि नंतर उतरला. तेव्हा घेतलेल्यांच्या डोक्यात अजून तोच आकडा असू शकतो. लिलावांचे निकाल जाहीर होतात, ते जास्त खरं बोलतात. दुसरा आक्षेप, एवढी चिरफाड केली की विकणारा दुखावतो. मला उलट वाटतं. कारण न देता निम्म्याने मागणं हाच अपमान. कारण दिलं की त्याला ते खोडून काढायची संधी मिळते, आणि त्याने सर्व्हिसचं जुनं बिल किंवा काढून ठेवलेले मूळ काटे पुढे केले तर आपण वर सरकायलाच हवं. ‘रोख द्या, कमी करतो’ ही सवलतही मी धरत नाही. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि रोखीच्या सौद्यात बिल मिळालं नाही, तर उद्या ते घड्याळ विकताना आपल्यालाच भाव सोडावा लागतो.

मात्र एका बाबतीत घासाघीस करूच नये. दुरुस्तीचा खर्च वजा करता येतो, बदललेल्या भागाचा फरकही काढता येतो. घड्याळ अस्सल आहे की नाही ही शंका वजा करता येत नाही. मुंबईच्या बाजारात जुन्या एचएमटी आणि फेवर-ल्युबाच्या डायली नव्याने रंगवून विकल्या जातात, आणि परदेशातले संग्राहक असल्या नगांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाकं मुरडतात. हौस म्हणून असं घड्याळ दोन-तीन हजारांना घेतलं तर बिघडत नाही. लाखांच्या घड्याळात मात्र ‘खोटं निघालं तर?’ म्हणून चाळीस टक्के कमी देणं म्हणजे उरलेले साठ टक्के जुगारात लावणं. तिथे घड्याळ मागचं झाकण उघडून जाणकार कारागिराला दाखवावं, नाहीतर परत ठेवावं. आणि याच न्यायाने, कडं, काटे, डायल आणि कागद सगळं जुळत असेल, तर उगाच पाच हजारांसाठी दाराकडे न जाता सांगितलेला रास्त भाव देऊन टाकावा.