लोखंडी बंपर

बोमडिल्यास बदली झाली तेव्हा आम्ही आमच्या जीपला पुढे जाड लोखंडी बंपर बसवून घेतला. सेला घाटात दरडीवरून घरंगळलेल्या धोंड्याचा आघात त्याने झेलला आणि रेडिएटर वाचला. तेव्हापासून त्याचा आम्हांस कोण अभिमान! डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन खात्याने असे बंपर बेकायदा असल्याचे राज्यांना कळविले, तेव्हा आम्ही मनातून चिडलोच. गाडीचा मूळचा पुढचा भाग चेपतो आणि धक्का स्वतः गिळतो. न चेपणारे लोखंड तो दुसऱ्याच्या हवाली करते, हे ठाऊक असूनही उमजत नव्हते. एके दिवशी बाजारात एक शाळकरी पोर त्या बंपरला टेकून उभे राहिले. वरची नळी नेमकी त्याच्या कपाळाशी येत होती. त्याच संध्याकाळी आम्ही बंपर उतरविला, आणि त्याबरोबर अभिमानही.