वळिवड्याहून स्वतंत्रपूरला

जायचं होतं आटपाडीला, पण कोल्हापूर सोडण्याआधी मी मुद्दाम वळिवड्याची वाट धरली. १९४३ ते १९४८ या काळात इथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. सोव्हिएत फौजांनी १९४० पासून त्यांना घरांतून उचलून सायबेरियात नेलं होतं. तिथून इराणमार्गे ती हिंदुस्थानात पोचली. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती. पुढे छावणी उठली आणि फाळणीत उखडलेले सिंधी या भागात आले. आजच्या गांधीनगरात कापडाच्या पेठेतून चालताना जुन्या बराकींच्या खुणा शोधाव्या लागतात. पण इथे वाढलेली पोलिश मुलं म्हातारपणीसुद्धा कोल्हापूरला येत राहिली. आसरा दिलेलं गाव माणूस विसरत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला फुलं वाहिली. त्याच दौऱ्यात नवानगरच्या जामसाहेबांच्या नावाने युवा देवाणघेवाण कार्यक्रम जाहीर झाला. दरवर्षी पोलंडचे २० तरुण भारत पाहायला येणार. जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना आश्रय दिला होता, तेव्हा नाव योग्यच आहे. ती बातमी वाचल्यापासून मला वाटत होतं, की या मुलांना आटपाडी दाखवलीच पाहिजे. म्हणून ही वाट एकदा आपण करून पाहावी म्हटलं.

विट्याला एसटी बदलली. खानापूर, भिवघाट करत गाडी माणदेशात उतरते तसा ऊस मागे पडतो आणि माळ सुरू होतो. आता टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी आल्याने डाळिंबाच्या बागा आणि हिरवे पट्टे दिसतात. तरी कुसळांचा माळ अजून आहे, मेंढरं आहेत. शेजारच्या बाकावर कॉलेजात जाणारी एक मुलगी बसली होती. तिचे दोन्ही चुलते गलाईच्या धंद्यात, एक केरळात, दुसरा बिहारमध्ये. सोनं-चांदी गाळायला या दुष्काळी भागातली माणसं देशभर गेली आहेत. मी कशासाठी निघालोय ते तिला सांगितलं.

"मग काका, तिकडची पोरं इकडं येणार. आमच्यातलं कोण तिकडं जाणार हाय का?"

"घोषणेत तरी त्यांच्याच येण्याचं आहे."

"आमी जाऊ की! आमच्या घरातली माणसं भाषा येत नसताना केरळात जाऊन ऱ्हायली. पोलंडचं काय एवढं?"

तिचा प्रश्न मला पुढे आटपाडीपर्यंत पुरला.

आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे आणि औंध साताऱ्यात. पण १९४८ पर्यंत दोन्ही एकाच, म्हणजे औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधींचे चिरंजीव अप्पा पंत ऑक्सफर्डला शिकून परतले होते. त्यांची मैत्री मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या ज्यू इंजिनिअरशी जमली. फ्रीडमन बंगळूरचा सरकारी वीजसामानाचा कारखाना चालवत होते. गांधीजींच्या प्रभावाने त्यांनी खादी धरली आणि भारतानंद झाले. १९३८-३९ मध्ये या दोघांच्या खटपटीने आणि गांधीजींच्या सल्ल्याने औंधच्या राजाने आपली सत्ता लोकांच्या हाती दिली. संस्थान केवढं? बहात्तर गावांचं. पण राजाने आपण होऊन राज्य सोडावं, आणि त्यात एका परदेशी माणसाने रयतेच्या बाजूने उभं राहावं, हे मला आजही मोठं वाटतं.

त्याच प्रयोगातून १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं. फ्रीडमनच्या कल्पनेतला हा बिनभिंतींचा तुरुंग. मी पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. परवानगीशिवाय आत जाता येत नाही, आणि जाऊही नये. तिथे कैदी आपल्या बायकामुलांसह राहतात, शेती करतात, तो त्यांचा संसार आहे. रस्त्यावरून घरं दिसली, पिकं दिसली. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'ला याच वसाहतीने विषय दिला. कथा लिहिली माडगूळच्या, म्हणजे याच तालुक्यातल्या गदिमांनी, आणि चित्रपटाला १९५८ मध्ये बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं.

रस्त्यावर उभा असताना मला १९३९ हे साल सोडेना. त्या सप्टेंबरात हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये घुसल्या. फ्रीडमनच्या मायदेशातल्या ज्यूंना काटेरी तारांमागे कोंडायला सुरुवात झाली. आणि त्याच वर्षी तो माणूस माणदेशातल्या खुन्यांच्या भोवतीच्या भिंती काढत होता. शांततेवरच्या कुठल्याही भाषणापेक्षा हे मला जास्त पटतं. अप्पा पंत १९४८ मध्ये पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून गेले आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकता यावं म्हणून शिष्यवृत्त्यांसाठी झटले. दोघांनी पुढे तिबेटी निर्वासितांसाठीही काम केलं. एका तरुणाची परक्याशी झालेली मैत्री किती दूरवर जाते पाहा.

देवाणघेवाणीचे दौरे स्मारकं, सत्कार आणि फोटो यांत संपू नयेत. पाहुणा चार दिवस कुणाच्या घरी राहिला, शेतात राबला, तरच ओळख होते. म्हणून हा कार्यक्रम आखणाऱ्यांना माझी विनंती आहे. पोलंडच्या मुलांना कोल्हापूरला जरूर न्या, पण पुढे विट्याची गाडी धरून औंधला आणि आटपाडीलाही आणा. त्यांना इथल्या घरांत उतरवा. आणि दरवर्षी आटपाडी, माण, खानापूरच्या कॉलेजांतली तितकीच मुलं वॉर्साला पाठवा. इथली मुलं जायला तयार आहेत.