दाब नव्हे, ताण

"जास्त टेन्शन घेऊ नको, बीपी वाढेल" असं आपण एकमेकांना रोज ऐकवतो. गंमत म्हणजे शरीर स्वतःचं बीपी ताणावरूनच ओळखतं. फक्त हा ताण डोक्यातला नाही, रक्तवाहिनीच्या भिंतीचा.

मानेत, मेंदूकडे जाणारी धमनी जिथे दुभागते तिथे, आणि हृदयाजवळ महाधमनीच्या कमानीत मज्जातंतूंची टोकं भिंतीत रुतलेली असतात. भिंत ताणली की ती मेंदूला सिग्नल देतात. सिग्नल वाढला की ठोके मंदावतात, वाहिन्या सैलावतात. घटला की उलट. सगळं काही सेकंदांत. प्रोग्रामरला हेवा वाटावा असा फीडबॅक लूप!

लोचा हा की सेन्सर दाब मोजतच नाही, भिंत किती ताणली तेवढंच बघतो. वयाबरोबर भिंत कडक होते, त्याच दाबाला कमी ताणली जाते. मेंदूला वाटतं, दाब बेताचा आहे. शिवाय दाब चढाच राहिला तर काही दिवसांत सेन्सर त्यालाच नॉर्मल धरतो. (बग नाही, फीचर आहे म्हणे.) अर्थात म्हातारपणी वरचा आकडा वाढवणारी मुख्य आरोपी ती कडक धमनीच. सेन्सर म्हणजे फितूर साक्षीदार.

हे एसीत बसणाऱ्यांचं दुखणं वाटत असेल तर गडचिरोली बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ मध्ये ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. पहिला नंबर लकव्याचा, साधारण सातांत एक मृत्यू. आणि लकव्यामागचं सर्वांत मोठं कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरीला आमची मोठी आई असते. मे महिन्यात बाजेवरून उठली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. उभं राहिलं की अर्धा लिटरभर रक्त खाली उतरतं. सेन्सर सुस्तावला की सावरायला वेळ लागतो. त्यात घामाने पाणी गेलेलं, उन्हाने वाहिन्या सैल, वर बीपीची गोळी. तिने परस्पर गोळीच बंद केली. "बीपी कमीच झाला ना बाप्पा!"

डॉक्टरांनी बसवून मोजलं: १७२. उभं करून मिनिटाभराने: १३८. म्हणजे दोन्ही खरं. चढलेलंही, पडणारंही, आणि दोन्हीकडे तोच ढिला लूप. नुसतं बसून मोजलं असतं तर डोस वाढला असता, नुसतं उभं राहून मोजलं असतं तर गोळी कायमची गेली असती.

गोळी बदलली, सुरू आहे. उठण्याआधी ती आता बाजेवर पाय सोडून दोन मिनिटं बसते. तेवढ्यात चहा तिथेच मागवते.